सुट्टीच्या दिवशी कामाला जाणारी माणसं

नटाचं काम इतरांच्या सुट्टीवर चालतं. शनिवार-रविवार, दिवाळीचे चार दिवस, नाताळचा आठवडा, मे महिना. बाकीचं घर ज्या दिवशी निवांत एकत्र जेवायला बसतं, नेमक्या त्या दिवशी नाटकातला माणूस बॅग उचलून बाहेर पडतो. दुपारी ठाण्याला गडकरी रंगायतन, रात्री पार्ल्याला दीनानाथ. पुढच्या रविवारी पुण्यात बालगंधर्व आणि यशवंतराव चव्हाण. चुलतबहिणीचं लग्न रविवारी असतं, भाच्याची मुंज मे महिन्यात असते. नातेवाईक जमतात ते सगळे दिवस याच्या धंद्याचे. आणि मंगळवारी सकाळी हा घरी मोकळा असतो, तेव्हा मुलं शाळेत आणि बायको ऑफिसात गेलेली असते.

गोष्ट इतकी उघड आहे. तरीही नटाच्या संसाराबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक स्वभावाबद्दल असतं. अमका कितीही कामात असला तरी घरासाठी वेळ काढतो, तमकी मालिका आणि मुलं दोन्ही हसतमुखाने सांभाळते, फलाण्याने मात्र संसाराकडे कधी पाहिलंच नाही. मुलाखतीत ‘तारेवरची कसरत’ हे शब्द हमखास येतात आणि विषय तिथेच संपतो. मला वाटतं, स्वभावाबद्दल पुरेसं बोलून झालं. त्या माणसाच्या वेळा कोण ठरवतं, प्रयोग पडला तर पैसे कुणाकुणाचे बुडतात, आणि तो बाहेर असताना घरात कोण असतं, हे विचारायला हवं. हे पुस्तक ते विचारतं, म्हणून त्याची प्रस्तावना लिहिताना मला आनंद होतो आहे.

या संग्रहात नट-नट्यांपेक्षा त्यांच्या घरची माणसं जास्त बोलली आहेत. नवरा, बायको, सासू, वडील, आता मोठी झालेली मुलं. संपादकांनी कुणाचंही नाव छापलेलं नाही आणि ते फार बरं केलं. नाव आलं की वाचक चेहरा शोधायला लागतो आणि माणूस काय सांगतोय ते ऐकायचं राहून जातं.

आधी धंद्याची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्यावसायिक मराठी नाटकात नटाला महिन्याचा पगार नसतो. मिळते ती नाईट. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. नाट्यगृहांच्या तारखा निर्मात्यांना काही महिन्यांच्या एकदम वाटल्या जातात आणि शनिवार-रविवारसाठी सगळ्यांचीच ओढाताण असते. हाती आलेली तारीख सोडली की ती गेली. शिवाय प्रयोग रद्द झाला तर एकट्या नटाची नाईट बुडत नाही. सेट लावणारे, लाइटवाले, कपडेपट सांभाळणारा, रंगभूषाकार, बसचा ड्रायव्हर, बुकिंगवर बसणारा माणूस, सगळ्यांची बुडते, आणि यांतल्या कित्येकांचा महिना अशा मोजक्या नायटांवर चाललेला असतो. मुख्य भूमिकेसाठी दुसरा नट तयार ठेवणं निर्मात्याला क्वचितच परवडतं. रिप्लेसमेंट होते ती कुणी नाटक सोडलं तर. एका संध्याकाळपुरती कुणी करत नाही. म्हणून अंगात ताप असो, मुलाची दहावीची परीक्षा असो, घरात मयत झालेली असो, तिसरी घंटा झाली की तोच माणूस उभा राहतो. त्याने ‘मी येत नाही’ म्हणायचं तर समोर बॅकस्टेजच्या पोरांचे चेहरे येतात.

हे डोक्यात ठेवून एक जुनी गोष्ट पुन्हा ऐकावी असं मला वाटतं. १२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. खाडिलकरांचं नवं नाटक, गोविंदराव टेंबे यांच्या नव्या चाली, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. प्रयोग झाला. मराठी घरांत ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि सांगणाऱ्याचा गळा दर वेळी दाटून येतो. माझाही येतो. पण ती सांगताना आपण नाट्यगृहाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या संध्याकाळी कशा होत्या, त्यांच्याजवळ कोण बसलं होतं, रात्री रंग उतरवून परतलेल्या नवऱ्याशी त्या काय बोलल्या असतील, हे त्या हकिगतीत येत नाही. मूल दोघांचं होतं. कहाणी मात्र एकट्याची झाली. आणि नव्या नाटकावर मंडळीने घातलेला पैसा, जाहीर झालेला खेळ, कंपनीच्या बिऱ्हाडात एका पंगतीला जेवणारी सगळी माणसं, हेही ओझं त्या संध्याकाळी नटाच्या खांद्यावर होतंच. निष्ठा खरी होती, आणि तिच्याखाली पोटाचा हिशेबही तितकाच खरा होता. आपण निष्ठेची पूजा केली. असा प्रसंग पुन्हा कुणावर आला तर त्याला घरी थांबता यावं, अशी तजवीज मात्र शंभर वर्षांत केली नाही.

तमाशाच्या फडावरची हकिगत याहून कठोर आहे. विठाबाई नारायणगावकरांचे दिवस भरत आले होते आणि खेळ चालू होता. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा प्रेक्षकांनीच त्यांना थांबवलं असं सांगतात. विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला, राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं, आणि त्यांचा परिचय करून देताना हा प्रसंग कुणी सोडत नाही. मला तो ऐकताना अभिमानाच्या आधी संताप येतो. सुपारी घेतलेली, गाव जमलेलं, आणि बाळंतपणाला रजा असते ही कल्पनाच फडाला परवडणारी नव्हती. तमाशात घर आणि काम वेगळं काढताच येत नाही. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड चालवला तो याच मुशीतून घडून. पण दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या जत्रा करत फिरायचं तर शाळेच्या वयाच्या पोरांचं काय? एक तर ती राहुटीत वाढतात आणि शाळा सुटते, नाहीतर आजीकडे किंवा वसतिगृहात राहतात आणि आई सुटते. नारायणगावात सुपाऱ्या ठरवायला गावांची पंचमंडळी येतात तेव्हा गाण्याबजावण्याची, लवाजम्याची, पैशांची बोलणी होतात. या पोरांचा विषय त्या बोलण्यांत कुठे बसेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

सिनेमातल्या दोन बायकांची आत्मचरित्रं या विषयावर कुणीही तोंड उघडण्याआधी वाचायला हवीत. दुर्गाबाई खोटे १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या. त्या प्रतिष्ठित, सुशिक्षित घरातल्या, आणि अशा घरातल्या बाईने सिनेमात जाणं तेव्हा अब्रूचा प्रश्न होता. पण पदरात दोन मुलं होती आणि ती वाढवायची होती. ‘मी, दुर्गा खोटे’ वाचताना दिसतं ते हेच, की त्यांचा संसार कामावरच उभा राहिला. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं, ते आधी ‘माणूस’मधून आलं आणि पुढे त्याच्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला. कोवळ्या वयात घर चालवायला सिनेमात आलेली मुलगी. तिला चारचौघींसारखा संसार हवा आहे, आणि तिच्या मिळकतीवर जगणारं घरच तिला कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही. ही दोन पुस्तकं वाचल्यावर ‘नटीला घर सांभाळता येतं का’ असं विचारायची कुणाला हिंमत होऊ नये. नटींनी घरं पोसली आहेत. घरांनी त्यांना काय दिलं, ते विचारा.

आपल्या रंगभूमीवरचं नटाविषयीचं सर्वांत गाजलेलं नाटकही घराबद्दलचंच आहे. २३ डिसेंबर १९७० ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. सगळं मुलांना देऊन टाकलेला म्हातारा नट आणि त्याच्या सोबत दारोदार जाणारी कावेरी. मी ते नाटक जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा अप्पासाहेबांसाठी रडते, आणि घरी जाताना मला त्या मुलांचा विचार येतो. अप्पासाहेब बेलवलकर ऐन भरात असताना, टाळ्यांच्या कडकडाटात गावोगाव फिरत असताना, ती मुलं कुणाच्या हाताखाली मोठी झाली? उत्तर एकच असू शकतं: कावेरीच्या. शिरवाडकरांनी तिला थोडक्या शब्दांत इतकं भरीव उभं केलं आहे की न सांगितलेलंही कळतं. मुलांचं वागणं त्याने क्षम्य होत नाही. पण बाप घरी नसण्याची ती वर्षं त्या घरात होती, हे कुठेतरी धरलं पाहिजे.

ती भूमिका प्रथम ज्यांनी उभी केली ते डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, चालता व्यवसाय सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. ‘लमाण’ हे त्यांचं आत्मकथन नाटकवाल्यांच्या घरात असतंच. असा निर्णय एकट्याचा नसतो, तो घराचा असतो. त्या पिढीतल्या बहुतेकांना तो घेताच आला नाही. बँक, एलआयसी, मंत्रालय, टेलिफोन, बीईएसटी ही मराठी रंगभूमीची खरी आश्रयदाती. अशोक सराफांनी काही वर्षं स्टेट बँकेत काढली, प्रशांत दामले बीईएसटीत होते. दिवसा खुर्ची, संध्याकाळी तालीम, शनिवारी दौरा, सोमवारी पुन्हा मस्टर. १९५४ पासून चाललेल्या राज्य नाट्यस्पर्धेतले हौशी नट तर आजही असेच जगतात. नोकरीमुळे घराला पहिल्या तारखेचा आधार मिळाला, हे त्यातलं मोठं सुख. पण दिवस नोकरीने नेला, संध्याकाळ नाटकाने नेली, तर घराच्या वाट्याला काय आलं? या संग्रहातल्या एका बँकवाल्या नटाच्या पत्नीने लिहिलंय की त्यांच्या घरी रजेचे दिवस आजारपणासाठीही खर्च करत नसत, ते दौऱ्यासाठी राखून ठेवलेले असत. तिची तक्रार नाही. ती नुसतं सांगते, आणि म्हणून ते जास्त लागतं.

६ नोव्हेंबर २०२२ ला प्रशांत दामले यांचा साडेबारा हजारावा प्रयोग झाला. हा आकडा मी घरच्या बाजूने मांडून पाहिला. रोज एक प्रयोग धरला, तर चौतीस वर्षांहून जास्त वर्षांच्या सगळ्याच्या सगळ्या संध्याकाळी. विक्रमाचं कौतुक करावंच, मी मनापासून करते. पण एवढ्या संध्याकाळी ज्या घरातून बाहेर पडल्या, त्या घराचाही तो विक्रम आहे. तिथे रोजची जेवणं झाली, अभ्यास झाले, आजारपणं निघाली.

या घरांची बाजू मराठीत अगदीच आलेली नाही असं नाही. सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा किती लोक दुखावले होते! पुलंच्या प्रयोगांची शिस्त, व्यवस्था, व्यवहार, सगळं त्या बघत. स्वतः रंगमंचावर उभ्याही राहत. सगळ्या महाराष्ट्राचा लाडका माणूस घरात कसा असतो हे त्यांनी लिहिलं, आणि लोकांना ते त्याच्यावर केलेल्या टीकेसारखं वाटलं. मी ते पुस्तक आज वाचते तेव्हा मला त्यात श्रमांची नोंद दिसते. कांचन घाणेकरांचं ‘नाथ हा माझा’ वेगळ्या सुरातलं आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर म्हणजे रंगमंचावरची वीज. १९८६ साली ते गेले ते घरापासून लांब, अमरावतीला. लाखो लोक ज्याच्यावर जीव टाकतात त्याच्यावर आपला हक्क किती, हा त्या पुस्तकातला प्रश्न प्रस्तुत संग्रहात पानोपानी भेटेल.

मग दैनंदिन मालिका आल्या. नाटकातला माणूस शनिवार-रविवारी घराबाहेर असतो; मालिकेत प्रमुख भूमिका असलेला महिन्यातले वीस-पंचवीस दिवस. शिफ्ट बारा तासांची, पण घोडबंदर रोड, मढ किंवा गोरेगावची फिल्मसिटी गाठायला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. उद्याचा कॉल टाइम आज रात्री कळतो, तोही कधी कधी दहानंतर. म्हणजे सकाळी मुलाला शाळेत कोण सोडणार, हे रात्री दहापर्यंत ठरू शकत नाही. एपिसोडची बँक संपत आली की सुट्टी रद्द, महाएपिसोड असला की रात्र रद्द. मानधन दिवसावर ठरतं आणि बहुधा नव्वद दिवसांनी हातात पडतं. घराचा हप्ता नव्वद दिवस थांबत नाही. मालिका अचानक बंद झाली तर तीन महिने जुने पैसे येत राहतात, त्यानंतर एकदम शांतता. मालिकेतल्या नटाला लोक रस्त्यात ओळखतात, त्याच्यासोबत फोटो काढतात, आणि त्याच आठवड्यात तो मित्राकडून उसने पैसे घेत असतो. या संग्रहातले दोन-तीन जण ते मोकळेपणाने बोलले आहेत.

एका गोष्टीची मात्र आनंदाने नोंद करते. ‘रात्रीस खेळ चाले’ आकेरीत झाली, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापुरात झाली. मुंबई-पुण्याच्या नटांना महिनोन्‌महिने घर सोडून राहावं लागलं हे खरं. पण तिकडच्या नटांना मुंबईत खोली न घेता, घरी जेवून चित्रीकरणाला जाता आलं. काम माणसाच्या गावात गेलं की संसाराचे निम्मे प्रश्न न सोडवताच सुटतात. झाडीपट्टीत हे आधीपासून आहे. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटकं होतात, वडसा हे त्यांचं केंद्र, आणि पावसाळ्यात यातले कित्येक नट शेतावर असतात. त्या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्ग-गोव्यातले दशावतारी नटही मिरग लागला की नांगर धरतात. हंगामात रात्र-रात्र बाहेर, पण वर्षाचे काही महिने पूर्ण घरचे. मुंबईच्या नटाकडे हा हंगाम संपणंच नाही.

आता बायकांबद्दल. एका नाटकाच्या रंगपटात पाहिलेलं सांगते. दुसऱ्या अंकात एका अभिनेत्रीला दहा-बारा मिनिटं काम नव्हतं. नऊवारी, नथ, गळ्यात खोटी मोहनमाळ, आणि केसांत माळलेला गजरा चुरगळू नये म्हणून कानापासून जरा लांब धरलेला फोन. पलीकडे चौथीतली मुलगी. सोमवारी परीक्षा होती. मुलगी उत्तरं म्हणत होती आणि ही ‘हं, पुढे’ करत होती. भिंतीवरच्या स्पीकरवर रंगमंचावरचे संवाद चालू होते, एक कान तिकडे. मध्येच म्हणाली, “आजीला सांग, भाजी पुन्हा गरम करू नका, तेवढी पुरे. आणि कंपासमध्ये दोन पेन्सिली घाल गं.” तेवढ्यात स्पीकरवर तिच्या प्रवेशाआधीचं वाक्य आलं. “ठेवते हं,” म्हणत तिने फोन पावडरच्या डब्याशेजारी उपडा टाकला, पदर सारखा केला आणि विंगेत गेली. तिच्या पहिल्याच वाक्याला टाळी पडली. त्या टाळीत घरी भाजी गरम करणाऱ्या आजीचा वाटा होता. नाटकाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं.

रंगपटात पुरुष नटांचेही फोन चालतात, मी ऐकलेत. ‘जेवलात का’, ‘झोपा आता’, ‘मला उशीर होईल’. पेन्सिलींची आठवण बहुतेक बाईलाच असते. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याची वाट रुळली, तेव्हापासून ही दुहेरी पाळी चालू आहे. निवेदिता सराफ ऐन लोकप्रियतेत मुलासाठी काही वर्षं अभिनयापासून लांब राहिल्या, मग परतल्या आणि प्रेक्षकांनी त्यांना पुन्हा तितकंच प्रेम दिलं. तो त्यांचा स्वतःचा निर्णय, त्याचा मान ठेवावा. पण परतल्यावर जागा मिळाली अशी उदाहरणं बोटांवर मोजता येतात. या पुस्तकातल्या दोन अभिनेत्रींना ती मिळाली नाही. त्यांतली एक लिहिते की मूल झाल्यावर फोन यायचे कमी झाले नाहीत, एकदम बंद झाले. कुणी तिला विचारलंही नाही की तुला करायचंय का.

कायदा इथे अर्ध्या वाटेवर थांबतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची अट आली. पण नटी कर्मचारी धरली जात नाही. ती करारावरची कलावंत. बालकलाकारांसाठी नियम आहेत आणि ते चांगले आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावावर ठेवायचा. म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या मुलाचा विचार झाला. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या आईच्या मुलाचा झालेला नाही.

दौऱ्यावरून रात्रीच्या रात्री परतण्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. प्रयोग साडेअकराला सुटतो. सेट उतरतो, जेवणं होतात, आणि सकाळी घरी पोचायचं म्हणून गाड्या निघतात. कुणाला सोमवारी मालिकेचा कॉल असतो, कुणाला मुलाला शाळेत सोडायचं असतं. १२ फेब्रुवारी २००१ ला भक्ती बर्वे वाईचा प्रयोग करून मुंबईला परतत होत्या, द्रुतगती मार्गावर अपघात झाला आणि आपण त्यांना गमावलं. घरच्यांसाठी ‘पोचलो’ हा रात्री तीनचा फोन काय असतो, हे या संग्रहात चौघांनी चार प्रकारे लिहिलं आहे. मुक्कामाचा एका रात्रीचा खर्च निर्मात्याने नाटकाच्या हिशेबात धरावा, प्रवास सकाळी व्हावा. यात वाटाघाट नसावी.

मुलांचे लेख सर्वांत चांगले उतरले आहेत. त्यांत सगळं दुःखच आहे असं समजू नका. एकीला दारामागे कायम भरून ठेवलेली वडिलांची बॅग आठवते, त्यातल्या पावडरचा आणि स्पिरिट गमचा वास आठवतो. तो वास आला की ते जाणार आहेत की परत आलेत, हे तिला बॅग चेन लावलेली आहे की उघडी त्यावरून कळे. एकजण लिहितो की वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती वाचत तो मराठी वाचायला शिकला, कारण बाबा आज कुठल्या गावी आहेत ते त्यात असे. एकाचे वडील मंगळवार-बुधवारी शाळेतून न्यायला येत आणि सगळ्या वर्गात असा बाप एकट्याचाच होता, याचा त्याला केवढा तोरा! आणि एका मुलीने स्पष्ट लिहिलंय की तिला नाटक आवडत नाही, कधीच आवडलं नाही. संपादकांनी तो लेख काटछाट न करता छापला, त्याबद्दल त्यांचे आभार.

निर्माते, वाहिन्या आणि नाट्यगृहं चालवणाऱ्या महापालिका हे पुस्तक वाचतील अशी माझी अपेक्षा आहे, म्हणून मागणं स्वच्छ मांडते. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष होऊ शकतो, तर शनिवारी-रविवारी दोन-दोन प्रयोग होणाऱ्या नाट्यगृहात रंगपटाशेजारी दार लावता येईल अशी, बेसिन आणि पंखा असलेली एक खोली का होऊ नये? नट्यांनाच काय, बॅकस्टेजच्या बायकांनाही ती लागते. उद्याचा कॉल आज संध्याकाळी सहापर्यंत कळवणं अवघड नाही. मोठ्या भूमिकांना दुसरा माणूस तालमीपासून तयार ठेवा. त्याची नाईट सगळ्यांनी मिळून उचलली तर नव्या नटाला काम मिळेल आणि जुन्याला आपल्या माणसाच्या अंत्ययात्रेला जाता येईल. मानधन नव्वद दिवसांचं तीस दिवसांवर आणा. यातलं काहीही कलेच्या आड येत नाही.

आणि वाचकांना एक विनंती. पुस्तकाच्या शेवटी एका सासूबाईंचा लेख आहे. त्यांनी सुनेच्या दौऱ्यांच्या काळात दोन नातवंडं वाढवली. हे लेखन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलंय, ते मोठ्या अक्षरात वहीवर लिहून पाठवलं होतं. वाचायला सुरुवात तिथून करा.